सुटीतील रसायनशाळा

१८५६ सालच्या ईस्टरच्या सुटीत लंडन शहराच्या पूर्वभागी, शॅडवेल नावाच्या वस्तीत, अठरा वर्षांच्या एका विद्यार्थ्याने आपल्या वडिलांच्या घरातील वरच्या खोलीत काचेची काही भांडी मांडली होती. मुलाचे नाव विल्यम हेन्री पर्किन. तो तेथील रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीमध्ये ऑगस्ट विल्हेल्म हॉफमान ह्या जर्मन आचार्यांच्या हाताखाली शिकत असे. गुरुजी सुटीस मायदेशी गेलेले, कॉलेज बंद, आणि शिष्याच्या डोक्यात गुरूनेच काही वर्षांपूर्वी बोलून दाखविलेला एक विचार घोळत होता. दगडी कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या पदार्थांपासून कोयनेल तयार करता येईल काय? त्या काळी कोयनेल म्हणजे हिवतापावरचे खात्रीचे औषध. ते सिंकोना झाडाच्या सालीतून काढावे लागे. आणि हिंदुस्थानासारख्या देशांत राज्य करणाऱ्या इंग्रजांस त्याची निकड किती असेल हे सांगावयास नको.

पर्किनने कागदावर हिशेब मांडला. डांबरापासून मिळणाऱ्या एका पदार्थाचे दोन रेणू घ्यावे, त्यांस ऑक्सिजन द्यावा, पाण्याचा एक रेणू काढून टाकावा, की कोयनेलातील अणूंचीच बेरीज येते. बेरीज बरोबर होती. रसायन मात्र नुसत्या बेरजेने चालत नाही. रेणूमध्ये अणूंची मांडणी कशी आहे ह्यावर ते चालते, आणि कोयनेलाची मांडणी त्या वेळी कोणासच ठाऊक नव्हती. हाती आला तो तांबूस-तपकिरी गाळ. दुसऱ्या कोणी तो मोरीत ओतला असता. पर्किनने ॲनिलीन हा अधिक साधा पदार्थ घेऊन तीच क्रिया पुन्हा केली. ह्या खेपेस काळा गाळ पडला. तो धुऊन, वाळवून मद्यार्कात घातला तेव्हा मद्यार्क जांभळा झाला. रेशमावर तो रंग बसला, धुण्याने गेला नाही, उन्हाने उडाला नाही. ऑगस्ट महिन्यात पर्किनने पेटंट घेतले, गुरूचा सल्ला न मानता कॉलेज सोडले, आणि पुढल्याच वर्षी लंडनजवळ ग्रीनफर्ड येथे रंगाचा कारखाना उभा राहिला. १८५८ च्या जानेवारीत व्हिक्टोरिया राणी आपल्या कन्येच्या विवाहास गेली ती त्याच जांभळ्या छटेचा पोशाख करून.

ही गोष्ट पुस्तकांतून इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तीत नवे असे काही वाटू नये. तथापि ती सांगताना दोन बाबी बहुधा गाळल्या जातात. रंग निघाल्यावर त्या भांड्यात मागे काय उरले, ही एक. आणि त्या खोलीचे, त्या भांड्यांचे व त्या मुलाच्या दोन वेळच्या जेवणाचे पैसे कोणी भरले, ही दुसरी. महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांस सुटीत विद्यावेतन देऊन शाश्वत रसायनाच्या संशोधनास लावण्याची जी पद्धत आज अनेक देशांत व आपल्याकडेही रूढ झाली आहे, तिचे मर्म ह्या दोन गाळलेल्या बाबींत आहे.

भांड्यात काय उरले ते आधी पाहावे. ॲनिलीनास ऑक्सिजन पुरविण्यासाठी पर्किनने गंधकाम्ल आणि पोटॅशियम डायक्रोमेट नावाचे नारिंगी स्फटिक वापरले होते. हे स्फटिक ऑक्सिजन उदारपणे देतात खरे, परंतु देऊन झाल्यावर त्यांतील क्रोमियम धातूचे क्षार जेथल्या तेथेच राहतात. आणि मूळचे स्फटिक तर विषारी व कर्करोगास कारण होणारे. शिवाय काळ्या गाळातून निघणारा जांभळा रंग अगदी थोडा. बाकीचा गाळ टाकाऊ. पर्किनच्या काळी ह्याचा हिशेब ठेवण्याची कोणास गरज वाटत नसे. माल किती निघाला आणि तो कोणत्या भावाने गेला एवढेच वहीत चढे. त्या एका सुटीतून कृत्रिम रंगांचा धंदा जन्मला, रंगांपाठोपाठ औषधे आली, सुगंधी द्रव्ये आली, आणि टाकाऊ पदार्थांची वही मात्र शंभर वर्षांहून अधिक काळ कोरीच राहिली. अंबरनाथ, डोंबिवली, तारापूर, रोहा, महाड, लोटे ही गावे महाराष्ट्रात रसायनांच्या कारखान्यांसाठी जशी प्रसिद्ध आहेत, तशीच नाल्यांच्या व खाड्यांच्या पाण्याबद्दलच्या तक्रारींसाठीही आहेत. ही त्या कोऱ्या वहीचीच पाने होत.

शाश्वत रसायन, ज्यास हरित रसायन असेही म्हणतात, ते म्हणजे ही वही लिहावयास बसणे. नावावरून कोणाचा असा समज होईल की झाडपाल्याचा काढा तो हरित आणि कारखान्यातील पदार्थ तेवढा अपायकारक. तसे मुळीच नाही. धोतऱ्याचे बी झाडाचेच असते. येथे प्रश्न पदार्थाच्या कुळाचा नसून तो करावयाच्या रीतीचा आहे. बाजारातून मेथीच्या चार जुड्या आणल्या, निवडल्या, तर ताटात येते त्याहून अधिक देठ आणि मुळे केरात जातात; माती काढण्यासाठी बादलीभर पाणी जाते ते निराळेच; आणि गॅस किती जळला हे तर कोणी मोजीतही नाही. भाजी एक वाटी झाली, चांगली झाली, एवढ्यावर स्वयंपाकघर समाधान मानते. रसायनज्ञही दीर्घकाळ असाच समाधान मानीत आला. कागदावरच्या अपेक्षेच्या शेकडा नव्वद माल हाती आला की प्रयोग उत्तम, असे तो म्हणे. देठांची गोष्ट कोणी काढीत नसे.

ती काढली १९९१ साली अमेरिकेतील बॅरी ट्रॉस्ट ह्यांनी. भांड्यात घातलेल्या अणूंपैकी किती अणू शेवटी उपयुक्त पदार्थात येतात आणि किती वाया जातात, हे मोजावे असे त्यांनी सुचविले. ह्या मापास अणूंची काटकसर म्हणता येईल. पुढल्याच वर्षी रॉजर शेल्डन ह्यांनी त्याहून रोखठोक माप पुढे केले : एक किलो माल काढताना किती किलो केर निघतो? उत्तर ऐकून पुष्कळांस आश्चर्य वाटले. धुराड्यांमुळे ज्याची सर्वांत अपकीर्ती, त्या खनिज तेलाच्या शुद्धीकरणात किलोमागे ०.१ किलोहूनही कमी केर निघतो. मोठ्या प्रमाणावर होणाऱ्या साध्या रसायनांत तो १ ते ५ किलोपर्यंत जातो, थोड्या प्रमाणात होणाऱ्या महागड्या रसायनांत ५ ते ५० किलो, आणि औषधांच्या धंद्यात २५ पासून १०० किलो व क्वचित त्याहूनही अधिक. तेलाचा धंदा प्रचंड असल्यामुळे त्याचा एकूण केरही थोडा नसतो, ही गोष्ट अलाहिदा. परंतु पांढऱ्याशुभ्र गोळीच्या मागे एवढा उकिरडा असेल अशी कल्पना औषध घेणाऱ्यास नव्हती आणि कित्येक औषध करणाऱ्यांसही नव्हती.

एक उदाहरण आकड्यांनिशी घेण्याजोगे आहे. अंगदुखीवर व तापावर दिले जाणारे आयबुप्रोफेन हे औषध १९६० च्या सुमाराच्या दशकात इंग्लंडमधील बूट्स कंपनीने शोधले. ते करण्याची तिची मूळ रीत सहा पायऱ्यांची होती. ह्या सहा पायऱ्यांत लागणाऱ्या पदार्थांची रेणूभारांच्या हिशेबाने बेरीज केली तर सुमारे ५१४ ग्रॅम माल आत जातो आणि सगळे काही विनाचूक पार पडले तरी २०६ ग्रॅम औषध बाहेर येते. म्हणजे शेकडा ४०. बाकीचे ३०८ ग्रॅम केर. १९९२ साली अमेरिकेत टेक्सस प्रांतातील बिशप येथे नव्या रीतीचा कारखाना सुरू झाला. ही रीत तीन पायऱ्यांची. तीत २६६ ग्रॅम आत जातात, तितकेच २०६ ग्रॅम औषध मिळते, आणि उरतात ६० ग्रॅम. तेही केर म्हणून नव्हे, तर ॲसेटिक आम्ल, म्हणजे शिरक्यास आंबटपणा देणारे आम्ल, म्हणून. ते गोळा करून पुन्हा कामास लावता येते. मात्र ह्या नव्या रीतीत उत्प्रेरक म्हणून हायड्रोजन फ्लोराइड वापरले जाते, आणि ते इतके घातक असते की त्याचा थेंब अंगावर पडणे जिवावर बेतू शकते. तेथे ते पुन्हा पुन्हा वापरले जाते, बाहेर टाकले जात नाही, हे खरे. तरी हरित म्हटलेली प्रत्येक गोष्ट निर्धोक असतेच असे नाही, हे ध्यानात ठेवावे. १९९८ साली पॉल अनास्तस व जॉन वॉर्नर ह्यांनी ह्या शास्त्राची बारा तत्त्वे सांगितली. त्यांतील पहिलेच तत्त्व असे की केर झाल्यावर तो साफ करण्यापेक्षा मुळात होऊ न देणे बरे. बाकीची अकरा बहुतेक ह्या एकाच्याच पोटी येतात.

आता ह्या थोर कामात बी.एस्‌सी.च्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातील मुलांनी आठ आठवड्यांत काय करावयाचे, अशी शंका येईल. शंका रास्त आहे. पण कारखान्याचा मोठा प्रश्न अखेर लहान लहान प्रश्नांचाच बनलेला असतो. अमुक विद्रावकाच्या जागी पाणी चालेल काय? ११० अंशांऐवजी ७० अंशांवर क्रिया होईल काय? उत्प्रेरक गाळून पुन्हा वापरला तर तो काम देईल काय? असा प्रत्येक प्रश्न एका उन्हाळ्यात विचारून त्याचे उत्तर मिळविता येते, आणि उत्तर नकारार्थी आले तरी ते उत्तरच असते. शिवाय नवख्या मुलास सवयी जडलेल्या नसतात. जुन्या रसायनज्ञाचा हात विचार न करताच डायक्लोरोमिथेनच्या बाटलीकडे जातो, कारण तीस वर्षे तो तिकडेच गेलेला असतो. औषधांच्या कारखान्यात लागणाऱ्या सर्व मालाच्या वजनात विद्रावकांचाच वाटा मोठा असतो, तेव्हा ही सवय लहान म्हणता येत नाही. मुलाने विचारावे, ‘हेच का?’ आणि मार्गदर्शकास उत्तर देताना क्षणभर थांबावे लागावे, ह्यात दोघांचाही फायदा आहे.

अशा कामाचा एक नमुना आपल्या घराजवळचाच आहे. बिबा उततो हे जुन्या घरांतून सर्वांस ठाऊक असते. बिब्ब्याचे तेल कातडीस लागले की फोड येतात, आणि कापडावर त्याची खूण केली तर ती धुऊन जात नाही, म्हणून धोबी तो वापरीत. काजू हा ह्याच बिब्ब्याच्या कुळातला. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून तो गोव्यास आणला आणि पुढे तो कोकणात आपलासा झाला. काजूच्या बीच्या टरफलात जे दाट, तपकिरी तेल असते तेही असेच उतते. सिंधुदुर्गात, गोव्यात, कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड-आजरा भागात काजू फोडणाऱ्या बाया हातास राख किंवा तेल लावून बसतात, तरी बोटे काळी पडतात आणि कातडी जाते. ह्या टरफलाच्या तेलास उष्णता दिली की त्यातील अनाकार्डिक आम्लातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्डानॉल नावाचा पदार्थ उरतो. त्याच्या रेणूची एक बाजू डांबरातून मिळणाऱ्या फिनॉलासारखी, आणि तीस जोडलेले पंधरा कार्बन-अणूंचे लांब शेपूट तेलासारखे. एकाच रेणूत दोन गुण असल्यामुळे मोटारींच्या ब्रेकचे अस्तर, रंगलेप, राळा अशा कामांत तो वापरला जातो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत त्यापासून बहुवारिके तयार करण्यावरही संशोधन झाले आहे. पर्किनने ज्या कामासाठी कोळशाचे डांबर घेतले, त्या जातीचे काम टाकाऊ टरफलावर करता येते, ही ह्यातील गोम.

आता समजा, आजऱ्याकडील एखाद्या महाविद्यालयातील विद्यार्थिनी अशा प्रयोगशाळेत उन्हाळ्यापुरती आली, आणि तिला असा विषय मिळाला : कार्डानॉलास ॲसेटिक आम्लाचा गट जोडून त्याचा एस्टर करावयाचा. हा एस्टर ताठ प्लॅस्टिक मऊ करण्यास उपयोगी पडू शकतो. सांप्रत ह्या कामी जी फ्थॅलेट नावाची द्रव्ये वापरात आहेत, त्यांतील काहींच्या आरोग्यावरील परिणामांबद्दल काळजी व्यक्त झाली असल्यामुळे त्यांस पर्याय शोधले जात आहेत. एस्टर करण्याची जुनी रीत म्हणजे गंधकाम्लाचे काही थेंब घालावयाचे. क्रिया उत्तम होते. पण नंतर ते आम्ल मारण्यासाठी सोडा घालावा लागतो, त्यातून खारट पाणी निघते, आणि ते पाणी कोठे तरी सोडावे लागते. नवी रीत अशी की आम्लाने संस्कारिलेली विशिष्ट माती, मुलतानी मातीच्याच जातीची, उत्प्रेरक म्हणून वापरावयाची. माती द्रवात विरघळत नाही. काम झाले की गाळून घ्यावी, धुवावी, वाळवावी, पुन्हा घालावी. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग म्हणून जी सुरू झाली त्या संस्थेत, अशा घन उत्प्रेरकांवर दीर्घकाळ काम झालेले आहे.

पहिल्या आठवड्यात ह्या मुलीस प्रयोग करू देत नाहीत. डोळ्यांवर चष्मा केव्हा लावावयाचा, धूर ओढून घेणाऱ्या कपाटाची काच कोठवर खाली ठेवावयाची, कोणता टाकाऊ द्रव कोणत्या बाटलीत जावयाचा, हे शिकावयाचे, आणि दुसऱ्यांनी केलेले काम वाचावयाचे. महाविद्यालयातील प्रात्यक्षिकांत क्षाराची पुडी हाती येते आणि तिचे उत्तर मास्तरांच्या वहीत आधीच लिहिलेले असते. येथे उत्तर कोणापाशीच नाही, हे पटावयासच आठवडा जातो. दुसऱ्या आठवड्यात छापील निबंधातील जुनाच प्रयोग ती करून पाहते आणि निबंधात सांगितल्याच्या निम्मादेखील माल येत नाही. येथे रडू कोसळते. मार्गदर्शक फक्त एवढेच विचारतात की काचेचे भांडे वाळविले होते काय. भांड्याच्या आतल्या अंगास न दिसणारे पाणी होते, त्याने मातीचा गुण गेला. पुढे सिलिकेचा पांढरा थर दिलेल्या पट्टीवर ठिपके देऊन, ती द्रवात उभी करून, क्रिया कोठवर आली हे पाहावयाची सवय लागते. संध्याकाळी सातला ठिपका अर्ध्यावर असेल तर आठपर्यंत थांबावे लागते. पहिल्या खेपेस माती चोख काम देते, दुसऱ्या खेपेस बरे, चौथ्या खेपेस तिच्या कणांवर तेलाची पुटे बसून ती मंदावते. का मंदावली, आणि तापवून ती पुन्हा तरतरीत होते काय, ह्यात दोन आठवडे निघून जातात.

सर्वांत मोलाचा दिवस बहुधा तो, ज्या दिवशी ती आपल्या वहीत केराचा हिशेब मांडते. कार्डानॉलाचे स्थूलमानाने ३०० ग्रॅम आणि ॲसेटिक ॲनहायड्राइडचे १०२, मिळून ४०२ ग्रॅम आत, ३४२ ग्रॅम एस्टर बाहेर, उरले ६०. हे तेच ६० ग्रॅम ॲसेटिक आम्ल, जे टेक्ससमधील कारखान्यात उरत होते. ते पकडले तर रीत काटकसरीची, मोरीत सोडले तर नाही. त्याखाली माती धुण्यास लागलेला विद्रावक ती लिहिते, आणि तेथे डोळे उघडतात. कारण धुण्याचा विद्रावक एस्टरच्या वजनाच्या कित्येक पट भरतो. प्रयोग माती वापरून हरित झाला असे जे वाटत होते, ते धुण्यात घालविले. मग तोच विद्रावक ऊर्ध्वपातन करून पुन्हा वापरता येईल काय, हा नवा प्रश्न येतो, आणि तोवर सहावा आठवडा संपलेला असतो.

आता पर्किनच्या कथेतील दुसरी गाळलेली बाब. त्याचे वडील घरे बांधण्याचा धंदा करीत. मुलाने शिल्पशास्त्र शिकावे अशी त्यांची इच्छा होती. ती बाजूस ठेवून त्यांनी त्यास रसायन शिकू दिले, घरात प्रयोगास जागा दिली, आणि रंग निघाल्यावर गाठीचा पैसा कारखान्यात घातला. थोरला भाऊ मदतीस आला. १८७४ साली, छत्तीस वर्षांचा असताना, पर्किन कारखाना विकून पुन्हा संशोधनाकडे वळला, कारण तोवर त्यास पोटाची चिंता उरली नव्हती. त्याच्या बुद्धीस ह्याने उणेपणा येत नाही. परंतु १८५६ साली लंडनमध्ये तेवढीच बुद्धी असलेली, आणि सुटीत गोदीवर हमाली करावी लागणारी, किती मुले असतील ह्याची नोंद इतिहासाने ठेवली नाही.

आजऱ्याच्या त्या मुलीची अडचण हीच. काजूचा हंगाम फाल्गुन-चैत्रापासून वैशाखापर्यंत, म्हणजे नेमका महाविद्यालयाच्या सुटीत. बागांतून बोंडे वेचण्याची मजुरी तेव्हाच मिळते, आणि वर्षाची फी बहुधा त्यातूनच उभी राहते. प्रयोगशाळेने तिला ‘ये, शीक, जागा आहे’ असे म्हटले तरी त्यात दोन खर्च लपलेले असतात : पुण्यातील खोली, खाणावळ व एस.टी.चे भाडे हा एक, आणि बुडालेली मजुरी हा दुसरा. शहरातील सुशिक्षित घरांस दुसरा खर्च दिसत नाही, कारण त्यांच्या मुलांची सुटी ही खरोखरच सुटी असते. म्हणून विनावेतन संधी ही सर्वांस खुली असे वरवर दिसले तरी ती अगोदरच निवड करून बसलेली असते. विद्यावेतनाचा अर्थ येथे आहे. बुद्धीचे बक्षीस म्हणून ते द्यावयाचे नसून आठ आठवड्यांच्या पोटाची व बुडालेल्या मजुरीची भरपाई म्हणून द्यावयाचे असते. तेव्हा त्याची रक्कम ठरविताना शहरातील खोलीचे भाडे विचारात घेतले पाहिजे. आणि जेथे रक्कम काम संपल्यावर एकदम हाती पडते, तेथे पहिल्या महिन्याची अनामत कोणी भरावयाची, हाही विचार झाला पाहिजे.

ही जाणीव अमेरिकेत तरी जुनी आहे. तेथील अमेरिकन केमिकल सोसायटीने १९६८ साली प्रोजेक्ट सीड नावाची योजना काढली. हलाखीच्या घरांतील शाळकरी मुलामुलींस उन्हाळ्यात खऱ्या रसायनशाळेत काम द्यावयाचे आणि त्या कामाचे पैसे द्यावयाचे, ही तिची रीत. नॅशनल सायन्स फाउंडेशन ह्या सरकारी संस्थेने १९८७ पासून निरनिराळ्या विद्यापीठांस अशा कामासाठी पैसा देण्यास आरंभ केला. दहा-बारा विद्यार्थ्यांची एक तुकडी एका ठिकाणी उन्हाळाभर राहते, विद्यावेतन मिळते, बहुधा राहण्याची व प्रवासाचीही सोय होते. त्यांतील काही तुकड्यांचा विषयच शाश्वत रसायन असतो. भारतात बंगलोरची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, दिल्लीची राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराजची नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेस ह्या तिन्ही संस्था मिळून उन्हाळी संशोधनवृत्ती देत आल्या आहेत. मुदत दोन महिन्यांची. विद्यार्थ्यांप्रमाणे महाविद्यालयांतील शिक्षकांसही अर्ज करता येतो. आणि निवड झालेल्यास देशातील एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली पाठविले जाते. बंगलोरच्या जवाहरलाल नेहरू केंद्राचीही अशीच योजना आहे. ह्या वृत्तींचे अर्ज उन्हाळ्याच्या कित्येक महिने आधीच मागविले जातात. परीक्षा संपल्यावर चौकशी करणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

येथे महाविद्यालयांतील अध्यापकांसंबंधी दोन शब्द बोलणे अप्रस्तुत होणार नाही. अर्जासोबत अध्यापकाचे शिफारसपत्र लागते, आणि लहान गावांतून बहुतेक अर्ज अडतात ते ह्याच पत्रापाशी. कोठे पत्र वेळेवर मिळत नाही, कोठे एकाच मजकुराची वीस पत्रे नावे बदलून दिली जातात. ‘विद्यार्थी हुशार व सुस्वभावी आहे’ ह्या वाक्यावरून परगावच्या शास्त्रज्ञास काहीच बोध होत नाही. मुलीने प्रयोगशाळेतील नळाच्या पाण्याने उत्तर चुकते हे स्वतः शोधून काढले, असे एक खरे वाक्य असले तर त्याचे वजन पडते. ते लिहिण्यास मुलीकडे लक्ष असावे लागते, एवढाच काय तो त्यात खर्च.

अशा योजनांवर आक्षेप नाहीत असे नाही. दोन महिन्यांत शोध लागत नाहीत, मार्गदर्शकाचा वेळ जातो, आणि कित्येक मुले केवळ प्रमाणपत्रासाठी येतात, असे म्हटले जाते. तिन्ही विधानांत तथ्य आहे. नवख्या मुलास शिकविण्यात पहिले तीन आठवडे संशोधक छात्राचे कामच मागे पडते. तथापि विद्यावेतन देणारी संस्था निदान निवड तरी करते. हल्ली बाजारात ह्याच्या उलट प्रकार निघाला आहे : ‘इंटर्नशिप’ ह्या नावाखाली विद्यार्थ्याकडूनच शुल्क घ्यावयाचे आणि चार व्याख्यानांनंतर छापील कागद द्यावयाचा. पालकांनी ह्या दोहोंतील फरक ओळखण्याची एक सोपी खूण आहे. पैसा कोणाकडून कोणाकडे जातो, आणि शेवटी मुलाच्या हाती स्वतःच्या अक्षरातील प्रयोगांची वही येते की नुसते प्रमाणपत्र, एवढे पाहावे.

ती वही मात्र मुलीस घरी नेता येत नाही. प्रयोगशाळेचा तसा दंडक असतो. शेवटच्या आठवड्यात ती अहवाल लिहिते, दहा-पंधरा माणसांपुढे वीस मिनिटे बोलते, आणि ऊर्ध्वपातनाचा जो प्रयोग अर्धवट राहिला तो ‘अपूर्ण’ असे स्पष्ट लिहून वही मार्गदर्शकांच्या स्वाधीन करते. पुढल्या वर्षी येणारा कोणी ते पान उघडील आणि तेथून पुढे जाईल. एका बाटलीत तिने केलेला एस्टर असतो, फिकट पिवळा, वीसएक ग्रॅम. तिच्यावर तारीख आणि वहीच्या पानाचा अंक. शेजारी टाकाऊ द्रवाची मोठी बाटली, तीवरही अक्षर तिचेच. जूनच्या अखेरीस ती आजऱ्यास परतते तेव्हा पाऊस सुरू झालेला असतो, बागांतील हंगाम संपलेला असतो, आणि कारखान्यात साठविलेल्या बिया फोडण्याचे काम चालू असते. आईच्या बोटांवरचे काळे डाग कशाचे हे तिला आता रेणूच्या मांडणीसकट सांगता येते. आई विचारते, की ते पडू नयेत असे काही तेथे करतात काय.